वर्गात सगळ्या माना डोलतात, मग चाचणीत गणित का अडतं? देहबोलीचं खरं किती, खोटं किती

दुपारचा गणिताचा तास. सरांनी फळ्यावर चक्रवाढ व्याजाचं उदाहरण सोडवलं, खडू टेबलावर ठेवला आणि वर्गाकडे वळून विचारलं, "कळलं का?" पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माना हलल्या. दोघा-चौघांनी "हो सर" असा सूरही लावला. सर पुढच्या उदाहरणाकडे वळले. पंधरा दिवसांनी चाचणी झाली, तेव्हा नेमकं तेच उदाहरण कितीतरी मुलांनी सोडून दिलेलं.

हा वर्ग छत्रपती संभाजीनगरातला समजा, नाहीतर पैठणचा किंवा सिल्लोडचा. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे आणि त्यात बसून मानही हलवलेली आहे. मुलं खोटं बोलली का? तसं म्हणता येत नाही, कारण ती काही बोललीच नव्हती. सरांनी माना वाचल्या, आणि वाचताना गडबड झाली.

ही गडबड आजकाल फक्त वर्गात होत नाही. 'हाताची घडी घातली म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय', 'नाकाला हात लावला म्हणजे थाप मारतोय', 'संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांशिवाय होतो' अशी रील्स रोज समोर येतात. मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांमध्ये हेच पैसे घेऊन शिकवलं जातं. म्हणून शब्दांशिवायच्या या संवादाबद्दल नक्की काय माहीत आहे आणि काय नुसतंच फॉरवर्ड होतंय, ते बघू.

अशाब्दिक संवाद म्हणजे काय?

शब्द बाजूला काढले तरी माणूस दुसऱ्याला जे कळवत राहतो, त्याला अशाब्दिक संवाद म्हणतात. चेहरा, नजर, हातवारे, बसण्याची ढब, दोघांमधलं अंतर, स्पर्श, कपडे हे सगळं त्यात येतं. देहबोली हा त्याचा एक भाग, मोठा पण एकच. आवाजाची पट्टी, वेग आणि मधली शांतता हेसुद्धा त्यातच मोडतं. 'बरं' हा शब्द घ्या. 'बरं' म्हणजे मान्य आहे. 'बरं?' म्हणजे पुढे काय झालं. 'बरं बरं' म्हणजे आता पुरे. आणि आईने एक क्षण थांबून, सावकाश म्हटलेलं 'बरं' म्हणजे बाबा घरी आल्यावर बघू. शब्द तोच, बाकी सगळं आवाजाने केलं.

मराठीला हे फार आधीपासून ठाऊक आहे. आपण राग आला असं न म्हणता डोळे वटारले म्हणतो, नावडलं तर नाक मुरडतो, जबाबदारी टाळली तर हात झटकले म्हणतो, आश्चर्य वाटलं तर तोंडात बोट घालतो. पाठ फिरवणे, कान टवकारणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे... शरीराच्या खुणांवरून भाषेने वाक्प्रचारांचं कपाट भरून ठेवलंय.

९३ टक्क्यांचा आकडा आला कुठून?

अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांमधून. पहिल्यात काही सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले आणि बोलणाऱ्याच्या मनात काय भावना असेल ते विचारलं. दुसऱ्यात 'मे बी', म्हणजे 'कदाचित', एवढा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न होता. दोन्ही प्रयोगांचे निकाल जोडून सूत्र निघालं : आवड-नावड ओळखताना शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५.

यातले ३८ आणि ५५ मिळवले की ९३ होतात. सुट्या शब्दांवरचा आणि फक्त आवड-नावडीबद्दलचा हा आकडा पुढे 'सगळ्या संवादाला' चिकटला. आपलं सूत्र भावना आणि आवड-नावड यांच्यापुरतंच आहे, असं खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. तरी पॉवरपॉइंटच्या स्लाइडवरून तो आकडा काही हलत नाही.

हा दावा तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. न येणाऱ्या भाषेतला एखादा सिनेमा सबटायटलशिवाय बघा. कोण कुणावर चिडलंय, कोण प्रेमात पडलंय ते कळेल. पण जमिनीचा वाद नक्की कशावरून आहे आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे नुसत्या चेहऱ्यांवरून शेवटपर्यंत कळणार नाही. भावना कळते, मजकूर कळत नाही. चक्रवाढ व्याज हा मजकूर आहे.

ज्या खुणांना खरोखर शब्दकोश आहे

मग शरीराच्या खुणांचा अर्थ ठरलेला नसतोच का? काही खुणांचा असतो, आणि त्याचे जगातले उत्तम नमुने या जिल्ह्यात दगडात कोरलेले आहेत.

शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर वेरूळ. तिथलं १० क्रमांकाचं लेणं छताला कोरलेल्या लाकडासारख्या फासळ्यांमुळे 'सुतार की झोपडी' म्हणून ओळखलं जातं. आत स्तूपासमोर बसलेल्या बुद्धाचे हात छातीजवळ आहेत. ही शिकवण्याची मुद्रा. शंभर किलोमीटरवरच्या अजिंठ्यात पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यातला बुद्धही दोन्ही हात छातीशी घेऊन बोटांनी चक्राचा आकार करतो. ती धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा, म्हणजे पहिल्या उपदेशाची खूण. २६ व्या लेण्यात मार आपली फौज घेऊन चालून आलाय, आणि मधोमध बसलेल्या बुद्धाच्या उजव्या हाताची बोटं जमिनीकडे वळली आहेत. ती भूमिस्पर्श मुद्रा, पृथ्वीला साक्षी ठेवण्याची. शिल्पाखाली एक अक्षर नसलं तरी ज्याला या मुद्रा माहीत आहेत, त्याला प्रसंग लगेच ओळखता येतो.

पहिल्या लेण्यातल्या त्याच बुद्धाच्या चेहऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. गाइड तिथे विजेरीचा प्रकाश एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा समोरून टाकून दाखवतात. एका बाजूने चेहरा गंभीर वाटतो, दुसरीकडून हसरा, समोरून शांत. दगड तर जागचा हललेला नसतो. हातांचा अर्थ कुठल्याही उजेडात तोच राहतो, चेहऱ्याचा मात्र बदलतो. पहिला अर्थ शिकून घेतलेला आहे, दुसरा बघणारा आपल्या बाजूने लावतो. देहबोलीबद्दलचे बहुतेक घोळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतात.

नाट्यशास्त्राने तर यादीच केली. मस्तकाच्या १३ हालचाली, ३६ दृष्टी, एका हाताच्या २४ मुद्रा आणि दोन्ही हातांच्या १३. पण त्याच ग्रंथाने घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज बदलणं यांना सात्त्विक भाव म्हणून वेगळ्या खणात ठेवलं. ठरवून केलेली खूण आणि आतून आलेली खूण एक नाही, हा फरक इतक्या आधी नोंदवलेला आहे आणि रील्स तो रोज विसरतात.

जुन्या मराठीत करपल्लवी नावाचीही एक विद्या होती. डोळ्यांनी केली तर नेत्रपल्लवी. करपल्लवीत हाताच्या आकाराने अक्षरांचा वर्ग दाखवायचा आणि बोटांच्या संख्येने त्या वर्गातलं अक्षर. कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट-वर्ग. कमळ करून तीन बोटं दाखवली की 'ग'. वर्गात कॉपीसाठी हे कुणी अजून वापरात आणलं नसेल तर नवलच. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून भाव ठरवायची रीत हा त्याच जातीचा प्रकार. व्यापारी आणि शेतकरी एक शब्द बोलत नाहीत, भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही, आणि बैलाचा सौदा होऊन जातो. दोघांनाही बोटांचा अर्थ आधीपासून माहीत असतो म्हणूनच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कर्णबधिर लोकांची सांकेतिक भाषा ही 'देहबोली' नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचा शब्दसंग्रह आणि व्याकरण आहे. तिच्यात विनोद करता येतो, कायदा समजावता येतो आणि थापही मारता येते. ती हातांनी बोलली जाते, पण शब्दांशिवाय नाही. २०१५ मध्ये दिल्लीत तिच्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि २०२१ पर्यंत तिथल्या शब्दकोशात १० हजार शब्द जमले. 'खुणा करून बोलतात' असं म्हणून तिला हातवाऱ्यांच्या रांगेत बसवणं म्हणजे मराठीला नुसते आवाज म्हणण्यासारखं आहे.

मान, नंदीबैल आणि बर्लिनचा घोडा

आता मानेकडे येऊ, कारण वर्गातला खरा घोळ तिचाच आहे.

हलणाऱ्या मानेचे मराठी घरात निदान चार अर्थ निघतात. मान्य आहे. कळलं. ऐकतोय, तुमचं चालू द्या. आणि मोठं माणूस बोलतंय म्हणून आदर. कीर्तनात डोलणारी मान आणखी निराळी. बल्गेरियात तर होकाराला मान आडवी आणि नकाराला उभी हलते, म्हणजे हा सगळा शिकण्याचा भाग आहे. वर्गात मुलं जी मान हलवतात ती बहुतेकदा तिसऱ्या किंवा चौथ्या अर्थाची असते. सर ती दुसऱ्या अर्थाची म्हणून घेतात.

विचार न करता होकार देणाऱ्याला आपण नंदीबैल म्हणतो. भटक्या समाजातले नंदीवाले सजवलेला बैल घेऊन गावोगाव यायचे, अजूनही कुठे कुठे येतात. गुबुगुबु वाद्य वाजतं, मालक विचारतो, "यंदा पाऊस पडंल का?" आणि बैल मान हलवतो. पावसाबद्दल बैलाला काही माहीत नसतं. तो मालकाची खूण ओळखतो, आणि ती ओळखण्यात तो पक्का तयार झालेला असतो.

याचीच युरोपातली आवृत्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये गाजली. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने तपासलं आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापले. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोसळायचं. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, आणि घोडा तिथे थांबायचा. कळस म्हणजे, हे ठाऊक झाल्यावरही स्वतःची ती हालचाल पूर्णपणे दाबणं फुंग्स्टला जमेना.

आता वर्गात परत या. बाई विचारतात, "सात आठे?" मुलगी म्हणते, "चोपन्न..." बाईंच्या भुवया जरा वर जातात. "...नाही नाही, छप्पन्न!" शाबासकी मिळते. तिला पाढा आला की भुवई वाचता आली? 'बरोबर की चूक?' असं विचारताना शिक्षकाचा सूर जिकडे झुकतो, तिकडे वर्ग झुकतो. मुलं यात हान्सपेक्षा किती तरी हुशार असतात. बोर्डाच्या परीक्षेत मात्र पेपरला भुवया नसतात.

"माझ्याकडे बघून बोल"

नजरेचा प्रश्न मानेपेक्षा जास्त त्रास देणारा आहे. मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत मोठं माणूस रागवत असताना खाली बघणं हाच शिष्टाचार आहे. वर बघितलं तर "डोळे वर करून बोलतोस?" असं ऐकावं लागतं, मुलींना तर जास्तच. तेच मूल शाळेत गेलं की त्याला सांगितलं जातं, "माझ्याकडे बघून बोल. खाली काय बघतोस, चूक केलीयस ना?" घरी जी नजर आदराची होती ती शाळेत गुन्ह्याची कबुली ठरते. एकाच मुलाला एकाच दिवसात या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि दुसरीत तो नापास का झाला हे त्याला कुणी सांगत नाही.

नजर चोरणं म्हणजे खोटं, हे समीकरण तपासूनही झालं आहे. माणसं समोरच्याचं खोटं किती ओळखू शकतात यावरच्या दोनशेच्या आसपास अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी घेतला. बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० टक्के मिळतात. एवढ्या जोरावर कुणाला कोपऱ्यात उभं करायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

हात मात्र खूप काही सांगतात

याचा अर्थ शरीराकडे बघूच नये असा नाही. उलट जिथे बघायला हवं तिथे कमी बघितलं जातं, असं संशोधन सांगतं.

बोलताना हात हलवणं ही दाखवण्याची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. पण फोनवर पत्ता सांगताना "इथून डावीकडे वळा" म्हणत आपण हात डावीकडे करतोच, समोर कुणी नसताना. जन्मापासून अंध असलेली माणसंही बोलताना हातवारे करतात, समोरचा अंध आहे हे माहीत असतानासुद्धा करतात. याची नोंद १९९८ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात आहे. म्हणजे हात ऐकणाऱ्यासाठी जितके हलतात तितकेच स्वतःच्या विचारासाठीही.

या अभ्यासातल्या संशोधकांपैकी सुझन गोल्डिन-मेडो यांचं शिक्षणातलं काम तर प्रत्येक डी.एड.च्या वर्गात सांगावं असं आहे. रुंद भांड्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं आणि लहान मुलाला विचारलं की कशात जास्त, तर ते म्हणतं, "यात, कारण हे उंच आहे." काही मुलं मात्र तोंडाने 'उंच' म्हणताना हाताने भांड्याची रुंदी दाखवतात. तोंडाचं उत्तर चूक आहे, हाताला दुसरी बाजू दिसू लागली आहे. अशी बोली आणि हात न जुळणारी मुलं पुढचं शिकवल्यावर इतरांपेक्षा लवकर शिकतात, असं १९८६ पासूनच्या प्रयोगांमध्ये आढळलं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणणाऱ्या शाळेने इथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही. त्या एका आज्ञेत वर्ग शांत होतो हे खरं, पण शिक्षकाला बघता येण्यासारखं बरंच काही त्याच घडीत बंद होतं.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शांतता. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांमधल्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे किती? मनात सावकाश 'एक... दोन... तीन' म्हणून बघा. फळ्यापाशी उभं राहून ते फार लांब वाटतात.

शिक्षकाच्या स्वतःच्या देहबोलीचं काय? नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या दहा-दहा सेकंदांच्या आवाज बंद केलेल्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण आणि सत्राच्या शेवटी खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण बऱ्याच प्रमाणात जुळले. हा अभ्यास 'देहबोलीच सर्व काही' म्हणून फिरतो, पण त्यात शिक्षक आवडला का हे मोजलं होतं. मुलांना विषय किती आला, हा तिथला प्रश्न नव्हता. अंबाडी मूळच्या भारतीय होत्या, एवढं जाता जाता.

मुलाखतीच्या खोलीत

जालना, बीड, परभणीच्या गावांमधून स्पर्धा परीक्षेसाठी शहरात येऊन राहणाऱ्या मुलामुलींना ९३ टक्क्यांचा आकडा सगळ्यात महागात पडतो. यूपीएससीच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात, त्यामुळे भीती खोटी नाही. ज्याला बारा-पंधरा वर्षं 'मोठ्यांपुढे नजर खाली' शिकवलं, त्याला आठ दिवसांत सांगितलं जातं : नजर भिडवा, हात असे ठेवा, इतकंच हसा. मग मुलगा अख्खा वेळ हातांकडे लक्ष देत बसतो आणि प्रश्न अर्धाच ऐकतो.

आयोगाने स्वतः काय म्हटलंय ते वाचलं तर जरा हायसं वाटेल. ही उलटतपासणी नसून नैसर्गिक पण हेतुपूर्वक केलेलं संभाषण आहे, असं तिथे लिहिलंय. मानसिक तल्लखपणा, मुद्देसूद मांडणी, निर्णयातला समतोल असे गुण त्यात मोजलेत. हात कुठे ठेवायचे याचा उल्लेख नाही. घाबरलेला माणूस चुळबुळ करतो हे पॅनेलवरच्या माणसांनाही माहीत असतं. सराव करायचाच तर अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी रोज दहा मिनिटं बोलण्याचा करावा. नजर आपोआप वर येते आणि त्याला फीही लागत नाही.

अंतर, नमस्कार आणि काळीपिवळी

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतराची मापं मांडली : जिवलगांसाठी साधारण दीड फुटापर्यंत, ओळखीच्यांसाठी चार फुटांपर्यंत, कामकाजासाठी बारा फुटांपर्यंत. ती अमेरिकेतल्या निरीक्षणांवर होती आणि संस्कृतीप्रमाणे ती बदलतात हे हॉलनेच सांगितलं. गच्च भरलेल्या काळीपिवळीत बसलेल्या कुणालाही ते वेगळं सांगावं लागणार नाही. तिथे खांद्याला खांदा नाही, मांडीवर मांडी असते, आणि तरी कुणी कुणाच्या 'जवळ' नसतं. कारण सगळे बाहेर बघत असतात. अंतर कमी पडलं की माणसं ते नजरेने भरून काढतात. लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघतात, तेही यासाठीच.

या शहरात तर हात किती तऱ्हांनी उठतो. जोडलेले हात, आदाब करताना कपाळाकडे गेलेला उजवा हात, 'जय भीम' म्हणताना वर झालेला हात, छातीवर ठेवून किंचित झुकणं. गुलमंडीपासून शहागंजपर्यंत चालत गेलं तर अर्ध्या तासात हे सगळं बघायला मिळतं. समोरच्याला त्याच्या पद्धतीने उत्तर देणं इथल्या जुन्या रहिवाशांना न शिकवता येतं. आणि समोर आलेला उघडा तळवा? बुद्धाचा असेल तर अभय, आजीचा असेल तर आशीर्वाद, क्रांती चौकातल्या वाहतूक पोलिसाचा असेल तर गाडी थांबवा.

अंगठ्याची किंमत

व्हॉट्सॲपवर चेहरा नाही, आवाज नाही, म्हणून इमोजी आले. पण मानेचा जुना घोळही सोबत आला. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मेसेजवर पाठवला आणि करार पक्का करायला सांगितलं. शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढे भाव वाढला, माल आला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे 'करार मिळाला'. खरेदीदार म्हणाला, अंगठा म्हणजे 'मान्य'. २०२३ मध्ये न्यायालयाने दोघांमधले आधीचे व्यवहार तपासले. त्याच शेतकऱ्याने पूर्वी 'ओके', 'यप' अशा एकेका शब्दावर माल दिलेला होता. न्यायालयाने अंगठा हा होकार धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई लावली. २०२४ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला.

लक्षात घ्या, न्यायाधीशांनी अंगठ्याचा अर्थ कुठल्या इमोजीच्या यादीतून लावला नाही. या दोन माणसांमध्ये याआधी काय घडलं होतं, ते बघितलं.

मग शिक्षकाने विचारायचं काय?

'कळलं का?' हा प्रश्न मानेला विचारलेला आहे, त्यामुळे उत्तर मानच देणार. त्यावर एक जुना, मराठी शाळांमध्ये पूर्वी सर्रास चालणारा उपाय आहे, तो म्हणजे पाटी. गुरुजी तोंडी हिशेब घालायचे, मुलं उत्तर लिहून पाटी पालथी ठेवायची, आणि 'पाटी वर' म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर व्हायच्या. शेजारच्याचं बघायला वेळ नाही, सरांच्या भुवया बघायला वेळ नाही. पाटी नसेल तर वहीचं मागचं पान चालतं. पर्याय असलेला प्रश्न असेल तर डोळे मिटून एक, दोन किंवा तीन बोटं छातीशी धरायची, म्हणजे ज्याला येत नाही त्याला कुणी हसतही नाही. अशाब्दिक संवादच आहे हा, फक्त खुणेचा अर्थ आधी दोघांनी मिळून ठरवलेला आहे. चाळीस मुलांच्या वर्गात याला मिनिटभरही लागत नाही, आणि व्याजाचं उदाहरण नक्की कितव्या पायरीवर अडतंय ते चाचणीच्या पंधरा दिवस आधी दिसतं.